कृपा घ्यायची कशी? देण्याबद्दल पुष्कळ ऐकून झालंय

सुईदोरा
सोमवार, रात्री ९:१२

येत्या रविवारी आमच्या चर्चच्या मंडळीतल्या तरुण गटापुढे मला बोलायचंय. पोरं १५ ते २२ वयाची, वेळ वीसेक मिनिटं, विषय 'कृपा: देवाचं दान'. ऐकून आधी हायसं वाटलं, कारण हा विषय मला झोपेतही सांगता येईल. तारण, म्हणजे पापातून सुटका, कृपेनं झालं, आपल्या हातून झालं नाही, ते देवाचं दान आहे, म्हणून कुणी बढाई मारू नये. बायबलमधलं इफिसकरांस पत्र, दुसरा अध्याय, आठवं-नववं वचन. लहानपणी हे घडाघडा म्हणून दाखवल्याबद्दल मला बक्षीस मिळालं होतं. (फुकटच्या दानाचं वचन पाठ केल्याचं बक्षीस! हे आत्ता लिहिताना लक्षात आलं.)

अडलंय ते वेगळ्याच ठिकाणी.

मागच्या वर्षी माझं उजवं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. बाकी सगळं कसंबसं रेटलं, केसांचं मात्र जमेना. केस लांब आहेत, आणि एका हातानं वेणी घालता येत नाही, कुणीही करून बघा. शेजारणीशी तोवर माझा संबंध जिन्यात दिसलो तर हसण्यापुरता. ती दुसऱ्याच दिवशी सकाळी पावणेआठला कंगवा घेऊन दारात उभी. मला खुर्चीत बसवलं आणि मागे उभी राहिली. गुंता सोडवताना ती केस मुळाशी मुठीत धरून ठेवायची, म्हणजे डोक्याला ओढ बसू नये. आई गेल्यापासून माझे केस तसे कुणी धरले नव्हते.

आणि मी त्या वेळी काय करत होते? मोजत होते. एकेचाळीस दिवस झाले. प्लास्टर निघाल्याबरोबर एक चांगलीशी शाल आणली, कागदात गुंडाळली आणि तिच्या दारात गेले. तिनं पुडकं उलटंसुलटं करून पाहिलं. "हे कशाचं?"
"अगं, एवढं केलंस माझ्यासाठी."
"म्हणजे मी कामाला होते होय गं तुझ्याकडे?"

म्हणाली हसतच, पण पुडकं माझ्या हातात परत ठेवलं. तेव्हापासून आमच्यात काहीतरी अवघडलंय. जिन्यातलं हसूसुद्धा आता जरा मोजूनमापून होतं.

तर आता माझी पंचाईत अशी, की जिला एकेचाळीस वेण्या घेता आल्या नाहीत, तिनं पोरांना देवाची कृपा कशी घ्यायची ते काय सांगायचं? आणि घेतलेलं दुसऱ्याला वाटणं आणि फेडणं यात फरक काय? अनुभव सांगा, वाचलेलं सांगा, कुठल्याही धर्मातलं चालेल. फक्त 'देव महान आहे' एवढंच लिहायला येऊ नका. ते मला माहीत आहे.

निवांत
सोमवार, रात्री ९:३०

वाचतेय. त्या शालीनं पोटात कालवलं.

सडेतोड
सोमवार, रात्री ९:४१

धर्मप्रचाराचा धागा दिसतोय. चालू द्या.

सुईदोरा
सोमवार, रात्री ९:५०

@सडेतोड, ज्या बाईला स्वतःलाच अजून कळलेलं नाही, ती प्रचार कशाचा करणार? बसा, वाचा, पटलं नाही तर सांगा.

व्याकरणवेडी
सोमवार, रात्री १०:२५

धर्माचं मला फारसं कळत नाही, शब्दांचं थोडं कळतं.

नव्या करारात कृपेसाठी ग्रीक शब्द आहे 'खारिस'. गंमत अशी की देणाऱ्याच्या मनातली माया म्हणजे खारिस, हातात पडलेली वस्तू म्हणजे खारिस, आणि घेणाऱ्यानं मानलेले आभार तेही खारिसच. एकाच शब्दात पूर्ण फेरी. येशूचा प्रेषित पौल, त्याच्या करिंथकरांस दुसऱ्या पत्राचे आठवा आणि नववा हे दोन अध्याय घ्या. विषय काय, तर यरुशलेमेतल्या गरिबांसाठी वर्गणी! त्यात हा शब्द दहा वेळा येतो. कधी देवाची कृपा, कधी जमवलेले पैसे, आणि शेवटच्या ओळीत 'देवाचे आभार'. भाषांतरात प्रत्येक ठिकाणी वेगळा शब्द घालावा लागतो, त्यामुळे एकच दोरा सगळीकडून गेलाय हे आपल्याला दिसत नाही. ताई, तुमच्या 'वाटणं' या प्रश्नाचं उत्तर मला तिथं सापडेलसं वाटतं. पौल वर्गणीला उपकार म्हणत नाही, कर तर नाहीच नाही. वरून आलेली कृपा पुढे सरकली की तिचंच नाव वर्गणी.

येशूचं चरित्र सांगणाऱ्या मत्तय आणि मार्क यांच्या शुभवर्तमानांत हा शब्द एकदाही नाही. लूकमध्ये आहे, आणि सहाव्या अध्यायात येशूच्या तोंडी तीनदा येतो तो अगदी आडव्या जागी: जे तुमच्यावर प्रेम करतात त्यांच्यावरच तुम्ही प्रेम केलंत, तर त्यात तुमची कसली 'खारिस'?

आपल्याकडचा 'अनुग्रह' पण पाहा. त्यात 'ग्रह्' धातू आहे, म्हणजे धरणं. आपण म्हणतो कृपा 'मिळाली', आणि शब्द म्हणतो कुणीतरी तुम्हाला धरलं. शेजारणीनं केस धरले होते ना मुळाशी? थांबते, नाहीतर कीर्तन व्हायचं.

चौकस
सोमवार, रात्री ११:०५

मी नास्तिक. तरी भाग घेतो, कारण प्रश्न खरा आहे.

फुकट भेट नावाची गोष्ट जगात नसते असं माझं मत. मार्सेल मॉस या फ्रेंच समाजशास्त्रज्ञानं १९२५ साली दानावर प्रसिद्ध निबंध लिहिला. पॉलिनेशिया, मेलानेशिया, उत्तर अमेरिकेचा वायव्य किनारा इथल्या समाजांची माहिती जमवून त्यानं दाखवलं की देणं, घेणं आणि परत करणं ही तिन्ही बंधनं असतात. नाकारलंत तर भांडण, परत केलं नाहीत तर नाचक्की. त्याच्या कितीतरी आधी, पहिल्या शतकात, रोमी तत्त्वज्ञ सेनेकानं उपकारांवर सात भाग लिहून ठेवलेत. त्यात तीन बहिणी हात धरून फेर धरतात: एक देणारी, एक घेणारी, एक परत करणारी. हात सुटला की नाच मोडला.

म्हणजे सुईदोराताईंनी शाल नेली यात चूक काहीच नाही. माणसं असंच वागतात. उलट शेजारीणबाईंनी शाल परत करून नाच मोडला. त्यांनाही घेता आलं नाही की!

आणि दुसरं. कृपा फुकट असेल, काहीही केलं तरी माफ असेल, तर चांगलं वागायचं कशाला?

सुईदोरा
सोमवार, रात्री ११:२०

'त्यांनाही घेता आलं नाही.' हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आता झोप लागायची नाही.

हिशेबनीस
मंगळवार, सकाळी ७:४०

आयुष्य जमाखर्च लिहिण्यात गेलं, म्हणून मत्तयाच्या अठराव्या अध्यायातला दृष्टांत मी नेहमी आकड्यांकडून वाचतो.

एका दासाला राजाचं देणं होतं दहा हजार तालांत. एक तालांत म्हणजे साधारण ६,००० दीनार, आणि एक दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. झाले सहा कोटी दिवस. वर्षाला ३०० दिवस काम धरलं तरी दोन लाख वर्षं. आणि हा गडी राजाच्या पाया पडून म्हणतो काय? 'मला वेळ द्या, सगळं फेडतो.' दोन लाख वर्षं! राजानं वेळ दिलाच नाही, कर्जच सोडून दिलं.

बाहेर पडल्यावर त्याला भेटतो एक सोबती, त्याच्याकडे याचे १०० दीनार येणे. प्रवचनात सगळे म्हणतात 'क्षुल्लक रक्कम'. अहो, क्षुल्लक कुठली? चार महिन्यांची मजुरी आहे. बुडाली तर माझ्याही पोटात गोळा येईल. दुखतं ते खरंच दुखतं, आणि तेच मोठं वाटतं. फक्त शेजारी दुसरा आकडा मांडून बघा, तो सहा लाख पट आहे. यानं सोबत्याचा गळा धरला.

पूर्वी मला वाटायचं हा माणूस कृतघ्न. आता वाटतं, त्याला माफी कळलीच नाही. राजानं खातं बंद केलं, पण याच्या डोक्यात ते चालूच राहिलं. त्याला अजून फेडायचंच होतं, म्हणून तो वसुलीला निघाला. ज्याला स्वतःचं खातं बंद झाल्यावर विश्वास बसत नाही, तो दुसऱ्याचं कशाला बंद करील?

ताई, तुमचे एकेचाळीस दिवस मी तुमच्या जागी असतो तर तारखांसह लिहिले असते, त्यामुळे लाजू नका.

जुना पाळक
मंगळवार, दुपारी १२:१५

चौकसराव, तुमचा दुसरा प्रश्न पौलालाही विचारला गेला होता. रोमकरांस पत्रात सहाव्या अध्यायाची सुरुवातच त्यानं होते: कृपा वाढावी म्हणून पाप करीत राहावं काय? म्हणजे तुम्ही जुन्या रांगेत उभे आहात.

पहिल्या प्रश्नाबद्दल. जॉन बार्कले या नव्या कराराच्या अभ्यासकानं २०१५ साली पौल आणि दान या विषयावर मोठा ग्रंथ लिहिला. त्यातली एक गोष्ट मला चाळीस वर्षं प्रवचनं करून सुचली नव्हती. 'शुद्ध दान' म्हणताना आपण वेगवेगळ्या गोष्टींची गल्लत करतो. घेणाऱ्याची लायकी न पाहता दिलेलं, ही एक गोष्ट. परतीची काहीही अपेक्षा न ठेवता दिलेलं, ही दुसरी. रोमी जगात शहाणे लोक सांगत की दान द्यायचं ते योग्य माणूस पारखून, नाहीतर वाया जातं. पौलानं धक्का दिला तो इथं: देवानं नालायकांना दिलं. पण या दानातून काहीच उगवू नये असं मात्र पौल कुठेच म्हणत नाही. अट आधी नाही. नंतर जीवन बदलावं ही अपेक्षा आहेच.

हे दुसरं विसरलं की काय होतं ते जर्मन पाळक डीट्रिख बोनहोफरनं १९३७ मध्ये लिहिलं. त्याचा शब्द 'स्वस्त कृपा': पश्चात्तापाशिवाय क्षमा, गुरूच्या मागे न जाता गुरूचा आशीर्वाद. नाझी राजवटीला विरोध केला म्हणून एप्रिल १९४५ मध्ये त्याला फाशी झाली. त्यामुळे त्याचं बोलणं मला नुसतं पुस्तकी वाटत नाही.

या कृपेवरून आमच्यात काय कमी भांडणं झाली? पाचव्या शतकात ऑगस्टीन (सगळं देवाच्या कृपेनंच) आणि पेलाजियस (माणसाच्या प्रयत्नानंही), सोळाव्यात लूथर आणि रोमचं कॅथलिक चर्च. लूथरन आणि कॅथलिक यांनी नीतिमान ठरण्याबद्दलच्या संयुक्त घोषणेवर सह्या केल्या त्या थेट ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी. फुकट मिळालेल्या वस्तूवरून पावणेपाचशे वर्षं वाद! मरणाच्या दारातल्या माणसाशेजारी बसल्यावर मात्र यातला एकही वाद मला कधी आठवला नाही.

सुईदोराताई, पोरांना हे सगळं सांगू नका. झोपतील.

टाळकरी
मंगळवार, दुपारी ३:५०

आमच्या बाजूनं थोडं.

वैष्णव आचार्य रामानुजांच्या परंपरेत यावर दोन तट पडले. एक म्हणतो मर्कटन्याय: माकडिणीचं पिल्लू आईला घट्ट धरून ठेवतं, तसं भक्तानं निदान धरायला तरी हवं. दुसरा म्हणतो मार्जारन्याय: मांजरीचं पिल्लू काहीच करत नाही, आईच मानगुटीला धरून नेते. पहिल्या बाजूला वेदान्तदेशिक, दुसऱ्या बाजूला पिळ्ळै लोकाचार्य. कठोपनिषदात तर स्पष्टच आहे की प्रवचनानं, बुद्धीनं, पुष्कळ ऐकून हा आत्मा लाभत नाही, तो ज्याला निवडतो त्यालाच लाभतो. पेलाजियस कोण ते मला ठाऊक नव्हतं, पण भांडण ओळखीचं निघालं.

मला सांगायचंय ते वेगळं. 'पसायदान' आपल्यातल्या निम्म्यांना पाठ असेल. 'पसाय' म्हणजे काय हे किती जणांनी विचारलं? पसाय म्हणजे प्रसाद. प्रसन्नता, कृपा. गीतेच्या अठराव्या अध्यायात अर्जुन म्हणतो 'त्वत्प्रसादात्', तुझ्या कृपेनं माझा मोह गेला. तोच हा प्रसाद. म्हणजे पसायदान याचा सरळ अर्थ कृपेचं दान. ताई, तुमचा विषय शब्दशः! १२९० साली ज्ञानदेव ग्रंथ पुरा करून हात पसरतात आणि पहिलं मागणं काय मागतात? खळांची व्यंकटी सांडो. दुष्टांचा वाकडेपणा जावो. दुष्ट जावोत असं नाही. आणि मग जो जे वांछील तो ते लाहो. ज्या मुलाला नि त्याच्या भावंडांना लोकांनी वाळीत टाकल्याचं आपण ऐकत आलो, तो स्वतःसाठी त्या यादीत काही ठेवत नाही.

मला तरी यात घेणं आणि वाटणं असे दोन वेगळे क्षण दिसत नाहीत. ओंजळ पुढे केली तीच मुळी सगळ्यांच्या वतीनं.

काळीशाई
मंगळवार, सायंकाळी ६:०२

टाळकरीबुवा, सुंदर.

आमच्याकडची थोडी भर. कुराणातल्या ११४ सूऱ्यांपैकी (अध्यायांपैकी) ११३ सूऱ्या अल्लाहच्या 'रहमान' आणि 'रहीम' (कृपाळू, दयाळू) या नावांनी सुरू होतात. दोन्ही शब्द ज्या धातूतून येतात त्यातूनच 'रहिम' म्हणजे गर्भाशय हा शब्द येतो. गर्भाशयात कोण काय कमावतं? बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत आहे की पैगंबर म्हणाले, कुणालाही केवळ त्याची कर्मं स्वर्गात नेणार नाहीत. लोकांनी विचारलं, तुम्हालाही? ते म्हणाले, मलाही नाही, अल्लाहनं आपल्या कृपेत झाकून घेतलं तरच. लहानपणी हे ऐकलं तेव्हा घाबरलो होतो. आता त्याचाच आधार वाटतो.

रात्रपाळी
बुधवार, पहाटे ४:३५

ड्युटीवर आहे, वॉर्ड शांत आहे, म्हणून लिहिते.

घेता न येणारी माणसं मी रोज बघते. एक आजोबा होते, निवृत्त, कडक शिस्तीचे. कमरेखाली हालचाल नव्हती. रोज स्पंज करावा लागायचा. मी टॉवेल पिळला की ते 'सॉरी सिस्टर'. कूस बदलली की 'सॉरी सिस्टर'. चादर ओढली की 'सॉरी'. एका स्पंजमध्ये दहा-बारा वेळा. पहिले चार दिवस मी म्हणत राहिले, काही हरकत नाही आजोबा. पाचव्या दिवशी मीच कंटाळले आणि गप्प राहिले. खरं सांगते, त्यांच्या सॉरीचं मला ओझं व्हायला लागलं होतं. प्रत्येक सॉरीला मला काहीतरी परत द्यावं लागत होतं.

पंधराएक दिवसांनी, पाठीवरून टॉवेल फिरवत होते तेव्हा ते डोळे मिटून म्हणाले, "पाणी छान कोमट आहे आज."

बास. सॉरी नाही, थँक्यू नाही. मी बादलीतलं पाणी उगाचच परत एकदा हातानं बघितलं. त्या दिवशी त्यांनी घेतलं. आणि मला काय मिळालं ते मला इथे नीट लिहिता यायचं नाही.

घंटी वाजली. जाते.

निवांत
बुधवार, सकाळी ८:१०

'पाणी छान कोमट आहे आज.' +१००

थोरली
बुधवार, दुपारी १:३०

सगळे गोड गोड लिहिताय, म्हणून थोडं कडू.

लूकच्या पंधराव्या अध्यायात उधळ्या पुत्राची गोष्ट आहे: धाकटा आपला वाटा उधळून परत येतो, बाप त्याला मिठी मारून मेजवानी घालतो, आणि घरी राबलेला थोरला रागावतो. तो थोरला भाऊ मला चुकलेला वाटत नाही. मी घरातली थोरली. आईवडिलांचं आठ वर्षं सगळं केलं. धाकटा भाऊ या काळात चारदा फोन करता झाला. शेवटच्या दोन महिन्यांत आला आणि आई त्याचा हात हातात घेऊन म्हणाली, 'आता मी सुखानं जाईन.' मी तेव्हा पलीकडे औषधांच्या पट्ट्या लावत उभी होते.

देव नालायकांना देतो हे ठीक. लायकांचं काय? जी कृपा धाकट्याला मिठी मारते, ती थोरलीला काय देते?

सुईदोरा
बुधवार, दुपारी ३:०५

थोरलीताई, उत्तर नाहीये माझ्याकडे. एवढंच की त्या गोष्टीत बाप दोनदा घराबाहेर येतो. धाकट्यासाठी धावत, आणि थोरल्यासाठीही येतो, शेतावरून आलेला तो आत यायला तयार नसतो तेव्हा. 'जे माझं ते सगळं तुझंच आहे' असं त्याला म्हणतो. आणि गोष्ट तिथेच थांबते. थोरला आत गेला की नाही ते येशूनं सांगितलेलंच नाही.

थोरली
बुधवार, दुपारी ३:२०

समजूत घालायला आला हे माहीत आहे मला. पण 'तू इतकी वर्षं राबलास, मी पाहिलं' असं म्हणाला असता तर काय बिघडलं असतं? मी अजून दारातच आहे. असो, उत्तर नाही म्हणालात ते आवडलं.

चौकस
बुधवार, रात्री १०:१५

थोरलीताईंना माझा पाठिंबा. आता पाळककाकांना एक प्रश्न.

'अमेझिंग ग्रेस' हे कृपेचं सर्वांत गाजलेलं गीत. लिहिणारा जॉन न्यूटन, गुलामांच्या व्यापारातला. १७४८ च्या वादळात जहाज बुडता बुडता वाचलं आणि त्याला देव आठवला, हे सगळे सांगतात. सांगत नाहीत ते असं, की त्यानंतरही तो गुलामांची जहाजं नेत राहिला, नंतर तर कप्तान म्हणून. समुद्र सोडला १७५४ मध्ये, तोही तब्येतीमुळे. तळघरात साखळीतली माणसं आणि वर डेकवर याची प्रार्थना. ही कसली कृपा?

जुना पाळक
गुरुवार, सकाळी ९:४५

चौकसराव, यातला एकही शब्द खोटा नाही. आमच्यातले लोक गोष्ट वादळापाशी संपवतात, कारण पुढे लाज वाटते.

पुढचंही तेवढंच खरं आहे. ते गीत त्यानं १७७३ च्या नववर्षदिनाच्या उपासनेसाठी लिहिलं. तेव्हाही गुलामगिरीविरुद्ध तो जाहीर बोललेला नव्हता. बोलला १७८८ मध्ये, समुद्र सोडल्यानंतर ३४ वर्षांनी. आपण स्वतः जहाजावर काय केलं, काय पाहिलं, ते पत्रक काढून छापलं आणि ही कबुली फार उशिरा येत्येय असं त्यातच लिहिलं. ब्रिटिश संसदेनं तो व्यापार १८०७ मध्ये बंद केला, त्याच वर्षी डिसेंबरात न्यूटन वारला.

कृपा त्या माणसात इतकी सावकाश उतरली. त्या सावकाशीची किंमत त्यानं दिली नाही, तळघरातल्या माणसांनी दिली. मी हे कशानंही झाकू शकत नाही. प्रवचनात हे सांगायला लागलो तेव्हापासून ते गीत म्हणताना माझा आवाज थोडा खाली येतो, एवढंच.

चौकस
गुरुवार, सकाळी १०:०२

काका, हे असं बोलणारे पाळक मला लहानपणी भेटले असते तर... तरी मी नास्तिकच झालो असतो. पण भांडलो कमी असतो.

हिशेबनीस
गुरुवार, सकाळी १०:३०

@थोरली, तुमच्या आठ वर्षांची नोंद आम्ही इथे घेतली आहे. या एका बाबतीत वही ठेवावी असं माझं मत.

थोरली
गुरुवार, दुपारी १२:००

🙂

सुईदोरा
रविवार, रात्री ८:५०

झालं. सांगते.

टाचण काढून नेलं होतं, सहा मुद्दे. तिसऱ्या मुद्द्याला मागच्या बाकावरची दोन पोरं फोनमध्ये. मग कागद मिटला आणि वेणीचं सांगितलं. एकेचाळीस दिवस, शाल, 'कामाला होते होय', सगळं. दहा हजार तालांतांचा हिशेबही सांगितला (हिशेबनीसकाका, दोन लाख वर्षं ऐकून हशा पिकला). मग एका मुलीनं विचारलं, "मग तुम्ही परत गेलात का त्यांच्याकडे?"

मी म्हटलं, नाही.

"का?"

पोरं फार वाईट असतात.

घरी आले. साडेचारच्या सुमारास तिच्या दाराशी गेले. रिकाम्या हातानं जायचं ठरवलं होतं, आणि तेच इतकं जड जात होतं की दोनदा जिन्यातून परत फिरले. बेल वाजवली. तिनं दार उघडलं. मला काही बोलायचं सुचेना, आणि तोंडातून निघालं, "वेणी घालशील?"

तिनं माझ्या मनगटाकडे पाहिलं. "हात दुखतोय का परत?"

"नाही. हात बरा आहे."

क्षणभर बघत राहिली. मग आत गेली आणि खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मी बसले. तिनं पहिल्यासारखेच मुळाशी केस धरले. हात गार होते. मी मोजलं नाही असं म्हणायला आवडलं असतं, पण मनात 'बेचाळीस' आलंच. तेवढं मी तिला सांगितलं, तेव्हा ती इतकी हसली की पेड सुटला आणि पुन्हा पहिल्यापासून घालावी लागली.

चौकस
रविवार, रात्री ९:१५

आणि शाल?

सुईदोरा
रविवार, रात्री ९:२०

माझ्या कपाटात आहे, कागदासकट. चौकस, तुमचं ते 'त्यांनाही घेता आलं नाही' मी विसरलेले नाही. पण आज विषय काढला नाही.